खेकड्याच्या रश्शातलं शिसं

आमच्या प्रयोगशाळेत तोवर जिवंत नमुना कधी आला नव्हता. यायचं ते दूध, गोडं तेल, मिरचीपूड, हळद, गूळ, नाहीतर विहिरीचं पाणी; सगळं बाटलीत किंवा पुडीत, तोंडावर लाखेची मोहर लावून. त्या सकाळी आमचा शिपाई मल्लाप्पा पायरीवरूनच ओरडत आला, "बाई, एडी बंदावरी! पोतं भरून!" एडी म्हणजे कानडीत खेकडे, बंदावरी म्हणजे आलेत. मी बाहेर येईपर्यंत पोत्याचं तोंड सुटलं होतं आणि दोन काळे खेकडे नांग्या उगारून आजरेकर साहेबांच्या खोलीकडे तिरके निघाले होते.

साहेब पाय खुर्चीवर घेऊन बसले होते. म्हणाले, "बाई, आधी त्यांना आवरा. मग पत्र वाचू."

सत्तरचं दशक सरत आलं होतं. बेळगावात अन्नपाणी तपासणाऱ्या एका लहानशा प्रयोगशाळेत मी सहायक रसायनज्ञ होते. दोन खोल्या, एक भट्टी, एक तराजू, आणि चार माणसं. आता निवृत्त झाल्यावर लोक विचारतात, तुम्ही नेमकं काय करायचात हो? मी सांगते, आम्ही एकच गोष्ट शोधायचो: यात जे असायला नको ते आहे का, आणि असलं तर किती. बाकी सगळं त्या 'किती'साठी. मिरचीपुडीत विटेचा भुगा किती, दुधात पाणी किती. एका गृहस्थांनी सुनेनं घातलेलं लोणचं आणलं होतं, विषाचा संशय म्हणून. मीठ जरा जास्त होतं, एवढंच निघालं. तसा लेखी दाखला द्या म्हणून ते तासभर बसून राहिले.

आजरेकर साहेब आमचे प्रमुख. बेळगावातलं जुनं घराणं, वडील-आजोबा शिक्षक, घरात अंडंसुद्धा चालत नसे. त्यांच्याइतका नेमका हात मी नंतर कुणाचा पाहिला नाही. थेंब मोजायला बसले की खोलीत कुणी श्वासही मोठ्यानं घेत नसे. मी निपाणीची. आई तंबाखूच्या वखारीत पानं निवडायची. आमच्या वस्तीतली पहिली बी.एस्सी. झालेली मुलगी मी, आणि या नोकरीत लागून दोन वर्षं होत होती.

पत्र सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांचं होतं. शहराबाहेर ओढ्याकाठच्या एका वाडीतलं एक कुटुंब त्यांच्याकडे आलं होतं. महादेव नावाचा तरुण, त्याची आई शेवंता आणि बायको अंजना. अंजना दोन महिन्यांची बाळंतीण. तिघांच्याही पोटात कळा येत होत्या, आणि डॉक्टरांनी ओठ वर करून पाहिलं तर हिरडीच्या कडेला निळसर काळी रेघ. ही रेघ शिसं अंगात गेल्याची खूण. महादेव ओढ्याच्या वरच्या अंगाला एका कारखान्यात कामाला होता. गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, आतल्या शिशाच्या जाळ्या वितळवून लाद्या करायच्या, असं ते काम. तेव्हा त्याच्या अंगात शिसं कुठून आलं ते उघड होतं. पण बायकांच्या? डॉक्टरांनी लिहिलं होतं: एक तर याच्या कपड्यांवरची धूळ घरात जात असावी, किंवा पाणी, किंवा ओढ्यातले खेकडे. शेवंता ते धरते, बाजारात विकते आणि घरीही खातात. तपासून कळवावं.

पाणी आम्ही आधी तपासलं. विहिरीचं स्वच्छ निघालं. ओढ्याच्या पाण्यातही शिसं अगदी नावापुरतं. आता राहिले खेकडे.

शिसं शोधायची तेव्हाची रीत मला फार आवडायची. नमुना भट्टीत जाळून त्याची पांढरी राख करायची, राख आम्लात विरघळवायची आणि तीत डायथिझोन नावाच्या द्रव्याचं द्रावण घालून हलवायचं. हे द्रावण मूळचं हिरवं, ओल्या शेवाळासारखं. शिसं असलं की ते लाल होतं, चेरीसारखं लालचुटूक. जितकं शिसं जास्त तितका रंग गडद. कितीही वेळा पाहिलं तरी तो हिरव्याचा लाल होतानाचा क्षण बघायला मी वाकायचीच. ओढ्याचं पाणी तपासायच्या पहिल्या वेळी मात्र फजिती झाली होती. नमुना न घालता नुसत्या पाण्याची चाचणी केली, तीच लाल! दोन दिवस आम्ही एकमेकांच्या बाटल्यांवर संशय घेत होतो. शेवटी साहेबांच्या ध्यानात आलं की आमचं पाणी गाळायचं तांब्याचं यंत्र, त्याचे सांधे डाख देऊन जोडलेले आणि डाखात शिसं. मग कॉलेजातून काचेचं यंत्र मागून आणलं.

आता खेकडा. साहेबांनी पुस्तक उघडलं. पुस्तक समुद्राकाठच्या परदेशी माणसानं लिहिलेलं. त्यात होतं, खेकड्याचा खाण्यायोग्य भाग काढून घ्यावा, म्हणजे नांग्यांमधलं पांढरं मांस. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"बाई, आपल्याकडे हे लोक खेकडा कसा खातात, तुम्हाला काही कल्पना?"

मला नुसती कल्पनाच होती असं नाही. मी त्यावर वाढले होते. सुट्टीच्या दिवशी आई आम्हा बहिणींना घेऊन ओढ्याला जायची. दगड हळूच उचलायचा आणि खेकडा मागून, पाठीच्या दोन्ही कडांना धरायचा, हे मला सहाव्या वर्षी येत होतं. नांग्या कालवणात जातात. पण खरी चव बारक्या पायांची. ते पाट्यावर ठेचायचे, पाणी घालून फडक्यातून पिळायचे, आणि त्या पिळलेल्या पाण्याचा रस्सा. पाठीखालचं पिवळंही त्यातच. खोकला झाला, कंबर धरली, बाळंतीण अशक्त झाली की हाच रस्सा वाटीनं पाजायचा.

मी म्हणाले, "नाही साहेब. आमच्याकडे नाही खात."

हे वाक्य मी का बोलले ते आजही मला नीट सांगता येत नाही. कुणी मला कधी उणं बोललं नव्हतं. पण दुपारी आम्ही डबे एकत्र उघडायचो आणि माझ्या डब्यात पहिल्या दिवसापासून चपाती आणि भेंडी. घरी जे शिजायचं ते त्या टेबलावर कधी आलं नाही. त्या दोन वर्षांत मी अशी हळूहळू दुसरीच कुणीतरी झाले होते, आणि त्या 'नाही'त ती दुसरी बाई बोलली.

एवढ्यावर थांबले असते तरी बरं. मी खेकडा चिमट्यानं धरला, तोही उलटा, आणि मल्लाप्पाच्या बोटाला चावा बसला. हे नाटकही मी नीट वठवलं.

नांग्यांतलं मांस आम्ही जाळलं, विरघळवलं. द्रावण हिरवंच राहिलं, कडेला जरासं गुलाबी. साहेबांनी अहवाल लिहिला: खेकड्याच्या खाण्यायोग्य भागात धोकादायक प्रमाणात शिसं आढळलं नाही. खाली त्यांची सही. तपासणीच्या कागदावर माझी.

आता पुढचं जे झालं त्यात कुणाची लबाडी नव्हती. डॉक्टरांनी अहवाल वाचला आणि सरळ विचार केला: पाणी चांगलं, खेकडे चांगले, म्हणजे कपड्यांवरची धूळच. त्यांनी महादेवला काम सोडायला लावलं. त्यानं सोडलं. शहरातल्या कारखान्यांच्या वसाहतीत, उद्यमबागेत, दुसरं काम मिळतंय का म्हणून तो रोज बसनं हेलपाटे घालू लागला, आणि तोवर घर चालवायचं ते शेवंताच्या खेकड्यांवर. ती पूर्वीपेक्षा जास्त वेळ ओढ्यात उतरू लागली. विकून उरलेले घरी, आणि घरात पहिली वाटी बाळंतिणीची.

सहा-सात आठवड्यांनी डॉक्टरांचं दुसरं पत्र आलं. महादेव सुधारला आहे, पण अंजना बिघडली आहे. तिचं उजवं मनगट लोंबतं, हात वर उचलला तर पंजा खालीच राहतो. बाळाला धरता येत नाही. कारण समजत नाही. पाणी पुन्हा तपासावं.

साहेबांनी पत्र मला दिलं. "तुम्ही स्वतः जाऊन नमुने आणा बाई. काहीतरी आपल्याकडून राहतंय."

काय राहत होतं ते मला पत्र वाचतानाच कळलं. तरी मी बाटल्या घेतल्या आणि मल्लाप्पाला बरोबर घेऊन निघाले.

वाडीत पोचलो तेव्हा दारात अंजना बसली होती. वीस-बावीस वर्षांची, सावळी. मांडीवर बाळ, आणि त्याला तिनं डाव्या हातानं असं कवटाळलं होतं की उजवा हात जणू तिचा नव्हताच. आत शेवंता पाट्यावर काहीतरी ठेचत होती. तो आवाज मी ओळखला. कवच फुटल्याचा कोरडा आवाज, मग वरवंटा ओला फिरल्याचा.

"या या, दवाखान्याच्या बाई न्हवं तुमी?" शेवंता म्हणाली. साठीची, कासोटा घातलेली, पिंढऱ्यांवर चिखल वाळलेला. "पानी न्यायला आलासा? न्या की. पानी काय करतंय? पोरीच्या अंगात रगतच न्हाय. म्हनून तर ह्यो रस पाजत्या दोन येळ."

तिनं फडकं पिळलं. वाटीत राखाडी, फेसाळ पाणी पडलं.

"चिंच घालतासा यात?" माझ्या तोंडून निघून गेलं.

शेवंतानं हात थांबवला आणि माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुला गं कसं म्हाईत? कुठली तू?"

"निपाणीची."

"निपानीत कुनाची?"

मी वस्तीचं नाव सांगितलं. मल्लाप्पा शेजारीच उभा होता.

"मग आमचीच की गं तू!" शेवंता केवढी खुलली. "आनि मगाधरनं तुमी-आमी काय करत्यास? बस. घे, ह्यातला घोटभर घे."

मी म्हणाले, "आक्का, हा मी बाटलीत घालून नेते. आणि मी परत येईपर्यंत अंजनाला ह्यातला एक थेंब देऊ नका."

"का गं? तुमच्याच कागदात लिवलंय न्हवं, खेकडं चांगलं हाईत म्हनून?"

अंजना माझ्याकडे बघत होती. मी पाण्याच्या बाटल्यांत रस भरला, ठेचलेल्या पायांचा चोथा पुडीत बांधला, आणि आम्ही निघालो.

दुसऱ्या दिवशी राख विरघळवून मी द्रावण घातलं आणि पुरतं हलवायच्या आधीच ते लाल झालं. इतकं लाल की मोजायला नमुना दहा पट पातळ करून पुन्हा घ्यावा लागला. मग मी नळी तशीच हातात घेऊन साहेबांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. मला माहीत होतं, हेही सांगितलं. 'नाही' का म्हणाले, तेही सांगायचा प्रयत्न केला, पण ते अर्धंच आलं.

साहेबांनी नळी घेऊन खिडकीच्या उजेडात धरली. मग म्हणाले, "तुम्ही बोलला नाहीत, हे वाईटच झालं. ते मी हलकं करून सांगणार नाही." नळी खाली ठेवून म्हणाले, "पण मी दोन वर्षं तुमच्याबरोबर जेवतो आहे. तुम्हाला बोलता येऊ नये असं आमच्या त्या टेबलावर काय आहे, हा विचार मला आज पहिल्यांदा करावा लागतोय."

त्यांनी कागद ओढला आणि डॉक्टरांना लिहिलं की आमचा आधीचा अहवाल चुकीचा आहे, तो रद्द समजावा, चूक प्रयोगशाळेची आहे. माझं नाव घातलं नाही. वरून त्यांना जाब विचारणारं पत्र आलं. ते त्यांनी वाचलं, फायलीत लावलं आणि मला विचारलं, "हं. आता मला शिकवा. सुरुवातीपासून. पाटा लागेल का?"

पाटा मी घरून आणला. सोवळ्यातल्या घरातला हा माणूस नाकाला रुमाल लावून पाट्याशेजारी स्टूल घेऊन बसला आणि मी खेकडे ठेचले. पहिल्या दिवशी त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं. चौथ्या दिवशी ते विचारत होते, "मीठ आधी घालतात की नंतर? आणि हे पिवळं सगळ्या घरांत घालतात, की काही टाकून देतात?"

खेकड्याचा एकेक भाग वेगळा करून तपासला तेव्हा कोडं उलगडलं. कारखान्यातून आलेलं शिसं पाण्यात फारसं टिकत नाही, ते गाळात बसतं. खेकडा गाळातच जगतो, गाळातलंच खातो. मग ते त्याच्या पाठीखालच्या पिवळ्यात साठतं, आणि त्याहून जास्त कवचात. कवच चुन्याचं, आणि चुन्याच्या जागी शिसं आरामात जाऊन बसतं. मांसात मात्र थोडंच. म्हणजे नांगी चोखणारा सुटत होता, आणि जिच्यासाठी पाय ठेचून रस काढला जात होता ती अडकत होती. भर म्हणजे चिंच. चिंचेच्या आंबटानं कवचातलं शिसं सुटून रश्शात उतरतं. चिंच घातलेल्या आणि न घातलेल्या रश्शाच्या दोन नळ्या शेजारी ठेवल्या तर कुणालाही डोळ्यांनी फरक दिसला असता.

आता प्रश्न, हे खेकड्यातून काढता येईल का? शेवंतानंच तो विचारला होता. डॉक्टरांनी मनाई केली म्हणून ती तणतणत प्रयोगशाळेत आली. "खेकडं बंद केलं तर खायाचं काय? आनि मी इकायचं काय? तुमी शिकलासा न्हवं, मग काढा की त्यातलं इख."

साहेब म्हणाले, "बरोबर विचारतेय ती. बघू."

मग आमच्या व्हरांड्यात चार टबं मांडली गेली. तळाला स्वच्छ वाळू, विहिरीचं पाणी, रोज बदलायचं. कारखान्याच्या खालचे खेकडे आत सोडले, आणि ताडून पाहायला जांबोटीकडच्या रानातले, जिथं कारखानाच नाही. ते आणायला मी आणि मल्लाप्पा बसनं गेलो. परतीची बस चुकल्यावर खेकड्यांचा डबा छातीशी धरून, भाताच्या खाचरांमधून मोठ्या रस्त्यापर्यंत चालत आलो. वाटेत मल्लाप्पानं विचारलं, "बाई, तुमच्या घरी रस्सा कसा करतात?" आणि मी पहिल्यांदा त्याला मोकळेपणानं सांगितलं. त्याची बायको तीळ घालत असे. हे मला नवीन होतं.

तालुक्यातल्या कचेऱ्यांतली माणसं काहीतरी निमित्त काढून आमची टबं बघायला येऊ लागली. दहा दिवसांनी एक खेकडा तपासला. आतड्यातला गाळ गेलेला, पिवळ्यातलं शिसं थोडं उतरलेलं, कवचातलं जसंच्या तसं. वीस दिवसांनी तेच. नुसत्या स्वच्छ पाण्यानं वाळू जाते, घाण जाते, पण कवचात बसलेलं शिसं हलत नाही. साहेब वैतागले नाहीत. उलट रोज आल्यावर चप्पल काढायच्या आधी टबांत डोकावत.

एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. "बाई, लवकर या! एका रात्रीत दोनाचे तीन झाले!"

मी बघितलं आणि हसले. "साहेब, तिसरा पोकळ आहे. यानं कात टाकलीय."

खेकडा वाढताना जुनं कवच अख्खं काढून टाकतो, डोळ्यांच्या टोपणांसकट. आतला खेकडा काही दिवस मऊ असतो. आम्ही ते कवच उचलून तपासलं: लालभडक. मऊ खेकडा तपासला: शिसं कितीतरी कमी. म्हणजे वाट होती! खेकड्यानं स्वतःच काढली होती ती. साहेबांनी त्या दिवशी मल्लाप्पाला पेढे आणायला पाठवलं.

आनंद आठवडाभर टिकला. पुढच्या खेकड्यानं कात टाकली तेव्हा आम्हाला यायला उशीर झाला. बघतो तर तो शांतपणे आपलंच टाकलेलं कवच खात बसलेला. चुना पुन्हा मिळवायला तो ते खातो, आणि चुन्याबरोबर शिसंही परत पोटात. साहेब टबाशी उकिडवे बसून बघत राहिले. "एवढं बाहेर काढून परत खातोय हो!" ते इतक्या कळवळून म्हणाले की मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

एकेक खेकडा कात टाकेपर्यंत पाळायचा, टाकल्याबरोबर कवच उचलायचं, हे प्रयोगशाळेत जमतं. शेवंताच्या घरात कसं जमणार? शेवटी आम्ही तिला जे सांगितलं ते अगदी साधं होतं, आणि मी ते तिच्याच चुलीपाशी बसून सांगितलं. कारखान्याच्या खालचे खेकडे धरायचेच नाहीत, वरच्या अंगाचे धरायचे. आम्ही तिथले तपासले होते, ते चांगले होते. तरीही काही दिवस पाठ आणि पिवळं टाकून द्यायचं, पहिलं उकळलेलं पाणी ओतून द्यायचं, आणि पाय ठेचायचे नाहीत.

"पाय ठेचायचं न्हाईत, तर मग रस्सा कशाचा?" शेवंता म्हणाली.

"नांग्यांचा, आक्का."

"त्येला काय चव?" ती म्हणाली. पण ऐकलं.

बॅटऱ्यांच्या कारखान्याला नोटीस गेली. मालक आमच्याकडे येऊन गेला, मऊ बोलणारा माणूस, घाबरलेला. टबं बघून म्हणाला, मी पण हेच खेकडे खातो हो. त्याचं पुढं काय झालं ते आमच्या कागदांत आलं नाही. दोन वर्षांत कारखाना तिथून उठला. मग संकेश्वरकडच्या कुठल्याशा ओढ्याकाठी तसंच काहीतरी सुरू झाल्याचं ऐकलं. पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही.

अंजनाला डॉक्टरांनी इंजेक्शनं मागवून दिली. चार-पाच महिन्यांत मनगट उचलू लागलं. पूर्ण नाही, पण पोराला धरण्याइतकं. महादेवला उद्यमबागेत एका ओतकामाच्या कारखान्यात काम मिळालं. आमच्या नमुन्यांच्या फॉर्मवर साहेबांनी स्वतःच्या हातानं एक नवा रकाना आखला: 'हा पदार्थ घरी कसा करतात व त्यातला कोणता भाग खातात, ते खाणाऱ्याला विचारून लिहावे.' पुढं ते बदलून गेले, पण तो रकाना राहिला.

ऐंशीचं दशक निम्मं झालं असेल. एक दिवस अंजना प्रयोगशाळेत आली. हातात फडक्यानं तोंड बांधलेला तांब्या. शेवंता वारली होती. माहेरी, जांबोटीकडं गेले होते, तिकडचे खेकडे आणलेत, म्हणाली. "बघ की आक्का, ह्यात काय न्हाय न्हवं? पोरगा लई मागं लागलाय."

त्यातला एक मी जाळून तपासला, बाकीचे तांब्यातच ठेवले; दुसऱ्या दिवशी ती न्यायला आली. तिला बसवून चहा दिला. मुलगा कसा आहे विचारलं. म्हणाली, बरा हाय. मग म्हणाली, साळंत मागं पडतोय. मास्तर म्हनत्यात, ध्यान न्हाय.

ते शिशामुळं की कशामुळं, हे सांगणारी कुठलीही चाचणी माझ्याकडे नव्हती. असती तरी मी ती केली असती का, ठाऊक नाही. पण तेव्हा मला वाटलं, हिला सांगायलाच हवं. मी सांगितलं. पहिला कागद चुकला कारण मी खोटं बोलले. मला सगळं माहीत होतं, पण साहेबांसमोर सांगायची लाज वाटली. ते सात आठवडे माझ्यामुळं गेले.

अंजनानं चहाचा एक घोट घेतला. मला वाटलं, उठून जाईल.

"डॉक्टरनं मलाबी इचारलं हुतं," ती म्हणाली. "पयल्याच दिवशी. काय खातीस? सासू भाईर हुती. मी म्हटलं, भाकरी, भाजी, आमटी. खेकडं कवातरी, एखादी नांगी." तिनं कप खाली ठेवला, उजव्या हातानंच. "दोन येळचा रस सांगितलाच न्हाय. तिथं सगळी पांढऱ्या कापडातली मानसं बसलेली. कसं सांगायचं?"

बाहेर मल्लाप्पा कुणाशी तरी कानडीत बोलत होता.

"चांगले आहेत खेकडे," मी म्हणाले. "पाय ठेचलेस तरी चालेल."

तिनं तांब्या उचलला, फडकं नीट बांधलं. दारात वळून म्हणाली, "मंग ये की ऐतवारी जेवाया. एकलीच येऊ नगंस, तुज्या साहेबास्नीबी आन."

"ते बदलून गेले गं. आणि ते खात नाहीत."

"खात न्हाईत तर बसू देत की नुसतं," अंजना म्हणाली, आणि निघून गेली.

त्या रविवारी मी जेवायला गेले.